कपाशीचे सख्खे कोण आणि चुलत कोण, हे पाहूनच बांध साफ करा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

शेवटची वेचणी उरकून पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) उपटायचे दिवस आले, की दर वर्षी एक सूचना गावोगाव फिरते. यंदा ती आपल्या शेतीपानावरही आली : ‘गुलाबी बोंडअळीचा जीवनक्रम तोडण्यासाठी बांधावरील व नाल्याकाठची कपाशीच्या कुलातील सर्व झाडे-झुडपे काढून टाकावीत.’ खाली यादी होती. तीत पेटारी, चिकणा, रानभेंडी यांच्या रांगेत सावर, धामण, मुरडशेंग आणि कांडोळही बसवले होते. आजच्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे ही सगळी एकाच कुलातली आहेत, त्यात वाद नाही. पण शेतकऱ्याने ही यादी हातात घेऊन कोयता चालवला, तर चोपडा, यावल, शिरपूर, शहादा पट्ट्यातली सातपुड्याच्या पायथ्याची झाडे जातील आणि बोंडअळी आहे तिथेच राहील. म्हणून हे सविस्तर पत्र.

घोळ झाला तो असा. जुन्या अभ्यासक्रमात ही झाडे चार वेगळ्या कुलांत शिकवली जात. भेंडी, कपाशी, अंबाडी, जास्वंद माल्व्हेसीत म्हणजे भेंडी कुलात. सावर आणि गोरखचिंच बॉम्बॅकेसीत. कांडोळ आणि मुरडशेंग स्टर्क्युलिएसीत. धामण, फालसा टिलिएसीत. ‘माल्व्हेसी कुलातील तणे काढा’ ही सूचना त्या काळातली आहे आणि त्या काळी ती नेमकी होती. पुढे डीएनएचा पुरावा हाती आला आणि १९९८ सालच्या एपीजी (अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या गटाच्या) वर्गीकरणात चारही कुले एकत्र करून एकच मोठे माल्व्हेसी कुल झाले. लगेच १९९९ मध्ये त्या मोठ्या कुलाची नऊ उपकुले पाडली गेली. आता चॉकलेटचा कोकोसुद्धा कपाशीच्या कुलात येतो. कुलाचे नाव तेच राहिले, आवाका मात्र कितीतरी पटींनी वाढला. जुन्या सूचनेला नव्या कुलाची यादी जोडली, तिथे गाडी चुकली. जुन्या सूचनेतले ‘माल्व्हेसी’ म्हणजे आजचे माल्व्हॉइडी हे एक उपकुल. सीमेवरच्या काही प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचे गट) इकडे-तिकडे झाल्या, तेवढा फरक सोडून द्यावा. त्यामुळे शेतकऱ्याशी बोलताना कुल सांगून भागत नाही, उपकुल सांगावे लागते.

या उपकुलात जगभरात दीड हजाराहून अधिक जाती आहेत. एकट्या जास्वंदाच्या प्रजातीत, म्हणजे हिबिस्कसमध्ये, दोनशेच्या वर. कपाशीच्या प्रजातीत, गॉसिपियममध्ये, सुमारे पन्नास, आणि त्यातल्या फक्त चार माणसाने शेतात आणल्या. सावरीचे बॉम्बॅकॉइडी हे याचे सर्वांत जवळचे उपकुल. कांडोळ स्टर्क्युलिऑइडीत, मुरडशेंग हेलिक्टेरॉइडीत, धामण ग्रेविऑइडीत जाते. ही सगळी चुलत घराणी.

ओळखायला सूक्ष्मदर्शक लागत नाही, दहा पट मोठे दाखवणारे भिंग पुरते. कपाशीचे सकाळी उमललेले फूल घ्या. अमेरिकन कपाशीचे असेल तर ते पहिल्या दिवशी मलईच्या रंगाचे असते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पडते. पहिल्या दिवसाचेच घ्या. सगळ्यात खाली हिरवी, दातेरी, हृदयाच्या आकाराची तीन मोठी पाने दिसतील. ती संदले नव्हेत. तो अपिसंवर्त. खरा संवर्त त्याच्या आत, पेल्यासारखा आखूड. आता पाच पाकळ्या अलगद काढा. मधोमध एक नळी उरते आणि तिच्यावर बाहेरच्या अंगाने पुष्कळ केसर लागलेले असतात. सगळ्या केसरांचे तंतू जुळून ही एकच नळी झालेली असते आणि तिच्या पोटातून किंजल (स्त्रीकेसराची दांडी) वर येतो. ब्लेडने नळी उभी चिरली तर आतला किंजल मोकळा दिसतो. प्रत्येक परागकोश भिंगाखाली पाहा : मूत्रपिंडाच्या आकाराचा, एकाच कप्प्याचा. बहुतेक फुलझाडांत तो दोन कप्प्यांचा असतो. परागकण काळ्या कागदावर झटकले तर साध्या डोळ्यांनाही रव्यासारखे दिसतात, आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकात त्यांच्यावरचे काटे स्पष्ट दिसतात. नळी, एक कप्प्याचा परागकोश, काटेरी परागकण : ही तिन्ही लक्षणे एकत्र सापडली, की झाड माल्व्हॉइडीचे.

हीच कसोटी यादीतल्या बाकीच्या झाडांना लावून पाहा. सावरीच्या लाल फुलात केसर जुडग्यांनी येतात, परागकणांवर काटे नसतात आणि पान हाताच्या पंजासारखे पाच-सात पर्णिकांचे असते. धामणीचे केसर सुटे असतात, नळीच नसते. कांडोळाच्या फुलाला पाकळ्याच नसतात, आणि फळ पाच शेंगांच्या चांदणीसारखे, वर टोचणारे केस. मुरडशेंगेच्या बाबतीत फुलापर्यंत जायची गरजच नाही. बाळगुटीत उगाळली जाते ती पिळलेली शेंग कोणीही ओळखते. यातले एकही या कसोटीला उतरत नाही.

एक खबरदारी हवी. ही परीक्षा दुहेरी जास्वंदावर करू नका. त्यात केसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात आणि नळी सापडत नाही; विद्यार्थी इथेच अडकतात. एकेरी पाच पाकळ्यांचे फूल घ्यावे. वेळही सांभाळावी. भेंडी आणि अंबाडी सकाळी उमलून दुपारी मिटतात, चिकण्याची फुले दुपारपर्यंत मावळतात, तर पेटारी दिवस कलल्यावर उमलते. सकाळी आठला बांधावर गेलेल्याला पेटारीवर फूल दिसत नाही, मग तो पानावरून अंदाज करतो आणि चुकतो.

उपकुलाच्या आत तीन मोठे गट आहेत आणि किडींचा हिशेब इथूनच सुरू होतो. पहिला गट पेटारी-चिकण्याचा. यांचे फळ फुटून बी सांडत नाही. ते चाकासारखे असते आणि वाळल्यावर त्याच्या फाका सुट्या होतात. पेटारीच्या चाकात पंधरा-वीस फाका असतात. हे फळ शाईत बुडवून कागदावर टेकवले, की गोल शिक्का उमटतो. मुद्रा हे तिचे दुसरे नाव अगदी चपखल आहे. या दोघींना अपिसंवर्त नसतो. दुसरा गट जास्वंद, भेंडी, अंबाडी यांचा : अपिसंवर्ताची छदे (पानांसारखे भाग) अरुंद आणि पुष्कळ, किंजल वर पाच फाट्यांचा, फळ म्हणजे पाच कप्प्यांचे बोंड. वनभेंडी (युरेना) याच बाजूची, पण तिच्या पाच कप्प्यांवर किंजलाचे फाटे दहा असतात. मोजून पाहिले की शंका राहत नाही. तिसरा गट कपाशीचा. किंजल न फाटलेला, सोट्यासारखा, आणि पानावर, छदांवर, बोंडावर, सरकीवर काळे ठिपके. त्या ठिपक्यांच्या ग्रंथींत गॉसिपॉल असते. कच्ची सरकी कोंबड्यांना बाधते ती त्यामुळेच. पानाच्या मागे मधल्या शिरेवर मधाची ग्रंथी दिसली म्हणून कपाशीचा गट असे समजू नये, ती अंबाडीलाही असते. काळे ठिपके हीच पक्की खूण.

या खुणेने एक गंमत उलगडते. गावात देवळासमोर असतो तो पारस पिंपळ. कार्ल लिनीयसने १७५३ साली त्याला हिबिस्कसमध्ये घातले होते, भेंडीलाही तिथेच. पुढे दोन्ही बाहेर पडली. भेंडी १७९४ मध्ये मोंखने अबेलमोशस या प्रजातीत हलवली, कारण तिचा संवर्त एका बाजूने फाटतो आणि पाकळ्यांबरोबर गळून पडतो. जास्वंदाचा संवर्त फळाखाली टिकून राहतो. पारस पिंपळ थेस्पेशिया झाला, त्याच्या अंगावर काळे ठिपके आहेत आणि किंजल फाटलेला नाही. म्हणजे दिसायला पिंपळ, कोकणात नावाने भेंडी, आणि नात्याने कपाशीचा भाऊ.

नावांवर विश्वास टाकू नये, हे ‘रानभेंडी’पुरते तर फारच खरे आहे. आपल्या भागात हे नाव निदान चार झाडांना चालते. एक अबेलमोशस मॅनिहॉट, खरी भेंडीची बहीण. दुसरी सातपुड्याच्या उतारावरची अझांझा लॅम्पस, पिवळ्या फुलाची, आत गर्द जांभळा डाग असलेली; ही कपाशीच्या गटातली. तिसरी मॅलाक्रा, ओलीच्या जागी वाढणारी अमेरिकेची पाहुणी. चौथी वर सांगितलेली युरेना. ‘रानभेंडी काढा’ या दोन शब्दांत शेतकऱ्याने यातले काय काढायचे? पहिलीला तर हात लावताना दहा वेळा विचार करावा. भेंडीवरचा हळद्या रोग बागेच्या बागा पिवळ्या करत होता, तेव्हा पुसा सावनी या वाणाचा संकर याच मॅनिहॉटशी करून परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी क्रांती’ हे वाण काढले. ताटातल्या भेंडीला रोगाशी झुंजायची ताकद रानातल्या बहिणीने दिली आहे. वारंग (किडिया) हाही याच उपकुलातला सातपुड्याचा वृक्ष. फळाखालची चार-सहा छदे पसरून पंख्यासारखी होतात, त्यावरून ओळखता येतो. कपाशी पिकते त्या काळ्या रानात तो सहसा नसतोच.

आता कीड. मूळ भीती गुलाबी बोंडअळीची आहे आणि ती रास्त आहे. बोंडअळीला मारक जनुक घातलेली बीटी कपाशी देशात २००२ मध्ये आली, दोन जनुकांची २००६ मध्ये, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्राने या अळीचा तडाखा पाहिला. ही अळी भेंडी, अंबाडी, पेटारी, पारस पिंपळ यांवरही नोंदली गेली आहे, म्हणजे सगळे माल्व्हॉइडीतच. पण आपल्या शिवारात तिचा मुख्य आसरा कपाशी स्वतःच आहे. हंगामाच्या शेवटी अळी सरकीत शिरते, दोन सरक्या जोडून आत सुप्तावस्थेत पडून राहते. ती फरदडीत, म्हणजे हंगाम संपल्यावरही पाणी देऊन राखलेल्या कपाशीत असते, बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांवरच्या अर्धवट उमललेल्या बोंडांत असते, घरात आणि जिनिंगच्या आवारात साठवलेल्या कापसात असते. डिसेंबरनंतर पाणी देऊन फरदड ठेवायची, पऱ्हाट्या जळणासाठी पावसाळ्यापर्यंत रचून ठेवायच्या आणि दोष सावरीला द्यायचा, हे आम्हाला अजिबात पटत नाही. त्यात मे महिन्यातल्या बागायती लागवडीची भर पडली, की सुप्तावस्थेतून बाहेर येणाऱ्या पतंगांना पाते (कपाशीची कळी) आयतेच मिळते.

ठिपक्यांच्या बोंडअळीची गोष्ट वेगळी. तिचे भेंडीशी खरे सख्य आहे. कपाशीला पाते नसते त्या काळात ती भेंडी, अंबाडी आणि पेटारीवर निभावते. बीटी झाडावर ती फारशी टिकत नाही, पण बिगर-बीटी ओळींवर आणि देशी कपाशीवर येते. बियाण्यासाठी म्हणून वाळायला सोडलेल्या भेंडीच्या दोन ओळी कपाशीच्या कडेला उभ्या असतात, तिथून ती सरकते. पिठ्या ढेकूण तर पेटारी, चिकणा, जास्वंद यांवरच नव्हे, गाजरगवतावरही राहतो. त्याला कुल-उपकुलाचे सोयरसुतक नाही. हिरव्या बोंडअळीलाही नाही, ती तूर-हरभऱ्यावर खुशाल जगते. उपकुलाची सीमा ओलांडून सावरीवर जाते ती एकच ओळखीची कीड, लाल ढेकूण. उन्हाळ्यात सावरीची बोंडे फुटली, की तिच्या बियांवर हे ढेकूण थव्याने दिसतात. हे खरे आहे आणि लपवायचे कारण नाही. पण लाल ढेकूण उमललेल्या बोंडातली सरकी शोषतो, रुई डागाळतो; वेचणी वेळेवर केली तर त्याचे नुकसान आटोक्यात राहते. त्याच्यासाठी पन्नास वर्षांची सावर पाडणे म्हणजे उंदरासाठी घर जाळणे.

मग करायचे काय? पहिले काम फरदड न घेणे आणि डिसेंबरअखेर शेत मोकळे करणे. पऱ्हाट्या मुळासकट उपटून श्रेडरने बारीक करून खतात घालाव्यात. नुसत्या बांधावर रचल्या तर काहीच साधत नाही. दुसरे काम लगतच्या बांधावरची पेटारी आणि चिकणा काढणे, आणि ते विळ्याने कापून होत नाही. दोघींचे सोटमूळ चिवट असते, कापले की बुडातून चार फुटवे येतात आणि महिन्याभरात पहिल्यापेक्षा दाट झुडूप उभे राहते. जमीन ओली असताना, फळाचे चाक वाळायच्या आत, मुळासकट उपटावे. चाक वाळले असेल तर झाड ओढत नेऊ नये, वाटभर बी पेरले जाते. पोत्यात घालून न्यावे.

उपटण्याआधी फांद्या नीट पाहाव्यात. पेटारीवर पांढऱ्या कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला आणि त्यातच बदामी रंगाचे, फुगीर, कडक दाणे दिसले, तर ते मेलेले ढेकूण आहेत आणि त्यांच्या पोटात एनॅसियस या परोपजीवी गांधिलमाशीची पिल्ले वाढत आहेत. कपाशीवरचा पिठ्या ढेकूण आटोक्यात ठेवण्यात या इवल्या माशीचा मोठा वाटा आहे. असे झुडूप जाळू नये. ज्या फांदीवर बदामी दाणे जास्त, ती कापून जाळीच्या पिशवीत घालून शेताच्या कडेला टांगावी : माशा जाळीतून उडून जातात, ढेकूण आत वाळून मरतात.

भेंडीचा शेवटचा तोडा झाला की झाडे उभी ठेवू नयेत, आणि बियाण्याच्या ओळी कपाशीपासून दूर घ्याव्यात. अंबाडीचे ताटवे भाजीसाठी कोवळेपणी खुडले जातात, त्यांचा त्रास नाही. कळण्याच्या भाकरीबरोबर ती भाजी राहू द्यावी. बोंडे धरलेली अंबाडी तेवढी काढावी. पारस पिंपळाला हात लावू नये.

हंगामात लक्ष कशावर ठेवायचे तेही सांगतो. हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) पीक पात्यावर यायच्या आधी लावावेत. सलग तीन रात्री सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग आले, तर उपायाची वेळ झाली. डोमकळ्या, म्हणजे गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहिलेल्या कळ्या, दिसतील तेव्हा तोडून नष्ट कराव्यात. एकरी वीस हिरवी बोंडे, शेतभर फिरून, निवडानिवड न करता तोडावीत आणि चिरून पाहावीत. दोन किडकी निघाली तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली. बाहेरून बोंड धडधाकट दिसते, अळी शिरल्याचे छिद्र बुजून जाते, म्हणून चिरल्याशिवाय कळत नाही. इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो.

जाता जाता देशी कपाशी जपणाऱ्यांसाठी. एके काळी खान्देशात घेतली जाणारी जरीला, विरनार ही वाणे गॉसिपियम आर्बोरियमची. बोंड खाली झुकलेले, तीन-चार कप्प्यांचे, छदांचे दाते थोडे आणि आखूड. अमेरिकन हिर्सुटमचे बोंड वर पाहणारे, चार-पाच कप्प्यांचे, छदांचे दाते लांब. देशीची गुणसूत्रे २६, अमेरिकनची ५२. आशिया-आफ्रिकेकडची एक आणि अमेरिकेतली एक अशा दोन जातींचा संकर दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी निसर्गात झाला, त्यातून ५२ वाली जन्मली. त्यामुळे देशी आणि अमेरिकन शेजारी लावले तर बियाणे भेसळते ही भीती बाळगू नये. चुकून संकर झालाच तर रोपाची गुणसूत्रे ३९ होतात आणि ते वांझ निघते. मात्र दोन देशी वाणे शेजारी लावली, किंवा हिर्सुटम आणि बार्बाडेन्स (५२ गुणसूत्रांचीच दुसरी जात) जवळ लावली, तर भेसळ नक्की. बियाण्यासाठीच्या फुलांची पाकळ्यांची टोके आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधावीत, म्हणजे मधमाशी आत शिरत नाही.

आपणास विनंती अशी, की ती यादी पुन्हा छापावी. प्रत्येक मराठी नावापुढे शास्त्रीय नाव देवनागरीत द्यावे, उपकुल लिहावे, आणि ‘काढा’, ‘पाहून काढा’, ‘हात लावू नका’ असे तीन रकाने करावेत. पहिल्यात फरदड, पेटारी, चिकणा आणि बोंडे धरलेली भेंडी-अंबाडी. दुसऱ्यात रानभेंडी, चारपैकी कोणती ते ठरवून. तिसऱ्यात पारस पिंपळ, वारंग, सावर, कांडोळ, धामण, मुरडशेंग. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत छापली तर बरे, कारण त्यानंतर लोक बांधाला हात घालतात.

आपले,
खान्देशातील काही वनस्पती-अभ्यासक
चोपडा, जि. जळगाव